कुणी सांगेल का?

३ जुलै १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातल्या एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने युजनेट या संगणकजाळ्यावरच्या ‘कॉम्प.ओएस.मिनिक्स’ या चर्चागटात चार ओळींची विचारणा टाकली. मिनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर एक काम हाती घेतलंय, त्यासाठी ‘पॉसिक्स’ या मानकाचे नियम हवे आहेत, संगणकावर उघडता येतील अशा स्वरूपात ते कुठे मिळतील का, एवढंच त्याला विचारायचं होतं. काम कसलं, हे त्याने सांगितलं नव्हतं. मानकाची कागदपत्रं विकत घ्यावी लागतात आणि ती आपल्याला परवडणारी नाहीत, हे त्याला लवकरच कळलं. विद्यापीठातल्या सन कंपनीच्या संगणकांची मॅन्युअल्स चाळून त्याने आपली गरज भागवली. २५ ऑगस्टला त्याच गटात तो पुन्हा आला. छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, मिनिक्समधलं तुम्हाला काय आवडतं आणि काय खटकतं ते सांगा, असं त्याने विचारलं. लोकांनी सांगितलं. हेलसिंकीच्याच तंत्रविद्यापीठातल्या अरी लेम्के याने त्याला सर्व्हरवर जागा दिली आणि त्या जागेला परस्पर ‘लिनक्स’ हे नाव देऊन टाकलं. विचारणारा विद्यार्थी होता लिनस टोरवाल्ड्स. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या तळाशी त्याच्या त्या छंदातून वाढलेला गाभा आहे.

या दोन तारखांच्या मधे, ६ ऑगस्ट १९९१ला, ‘ऑल्ट.हायपरटेक्स्ट’ या दुसऱ्या गटात आणखी एक गोष्ट घडली. निरनिराळ्या ठिकाणची, निरनिराळ्या प्रकारची माहिती दुव्यांनी जोडण्यावर कुठे काम चालू आहे का, असं कुणीतरी विचारलं होतं. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून टिम बर्नर्स-ली यांनी उत्तर दिलं की आमचा वर्ल्ड वाइड वेब प्रकल्प हेच करू पाहतोय. वेबची बाहेरच्या जगाला झालेली पहिली जाहीर ओळख म्हणून आज हे उत्तर दाखवलं जातं. ते उत्तर होतं, म्हणजे त्याआधी कुणीतरी विचारलं होतं, ही गोष्ट मात्र सांगायची राहून जाते.

संगणकाच्या इतिहासात शोध लावणाऱ्यांची नावं येतात, कंपन्या काढणाऱ्यांची येतात. विचारणाऱ्यांची येत नाहीत. उलट त्या काळातल्या नवख्यांचा उल्लेख आला तर तो बहुधा तक्रारीच्या सुरात येतो. हे वाचत नाहीत, तेच तेच विचारतात, यांनी गर्दी करून चांगली जागा बिघडवली, असा तो सूर. त्या वर्षांतल्या जतन झालेल्या नोंदी वाचताना मला हा सूर पटेनासा झाला. नवख्यांनी चारचौघांत विचारलं, म्हणून जाणत्यांना लिहून काढावं लागलं, आणि जे लिहून निघालं त्यावर पुढच्या पिढ्या शिकल्या.

युजनेटचं जाळं मुळात मदतीसाठीच विणलं गेलं होतं, इथून सुरुवात करायला हवी. युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम एटी अँड टीच्या बेल प्रयोगशाळेत जन्मली. पण १९५६ साली अमेरिकन सरकारशी झालेल्या समझोत्यामुळे टेलिफोनखेरीज दुसऱ्या धंद्यात पडायला या कंपनीला मनाई होती. मग युनिक्स विद्यापीठांना माफक शुल्कात ‘आहे तसं’ दिलं जाई. बिघाड झाला तर दुरुस्ती करून देणारं कुणी नाही, फोन करायला कुठलं मदत केंद्र नाही. ज्यांनी ते घेतलं त्यांना एकमेकांनाच विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. १९७०च्या दशकाच्या मध्यापासून ही मंडळी बैठका घेऊ लागली, टेपा आणि दुरुस्त्या एकमेकांना देऊ लागली. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या जॉन लायन्स यांनी युनिक्सच्या आतल्या कोडवर लिहिलेलं भाष्य छायाप्रतींच्या छायाप्रती काढून जगभर फिरलं.

१९७९च्या अखेरीस अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस आणि शेजारच्या चॅपल हिलचे स्टीव्ह बेलोविन या विद्यार्थ्यांनी एकमेकांना विचारण्याची ही गरज भागवणारा एक उपाय काढला. युनिक्सचे संगणक साध्या टेलिफोनवरून एकमेकांना फोन करतील आणि निरोपांची देवाणघेवाण करतील. जानेवारी १९८०मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे युनिक्स वापरणाऱ्यांचं अधिवेशन भरलं. तिथे एलिस यांनी या जाळ्यात सामील होण्याचं निमंत्रणपत्र वाटलं. त्यात पहिले लेख कशाबद्दल असतील याचा अंदाज दिला होता: दुरुस्त्या, बिघाडांच्या तक्रारी आणि मदतीसाठी मारलेल्या हाका. दिवसाला एखाददुसरा लेख येईल अशी त्यांची अपेक्षा होती. तीन संगणकांवर सुरू झालेलं हे युजनेट १९८८पर्यंत सुमारे ११ हजार संगणकांवर पोचलं होतं आणि रोज हजारावर लेख त्यावर येत होते.

त्या काळी प्रश्न कसा प्रवास करायचा ते पाहण्यासारखं आहे. संध्याकाळी तुम्ही आपल्या विद्यापीठाच्या संगणकावर प्रश्न लिहायचा. रात्री फोनचे दर उतरले की तुमचा संगणक शेजारच्या गावातल्या संगणकाला फोन लावायचा आणि दिवसभर साठलेले निरोप त्याच्या हवाली करायचा. तो पुढच्याला. असं करत प्रश्न देशाच्या दुसऱ्या टोकाला पोचायला दिवस लागायचे, उत्तर परतायला आणखी काही. पत्ताही वाटेवरच्या संगणकांची नावं उद्गारचिन्हांनी जोडून लिहावा लागे, म्हणजे निरोप कुणाकुणाच्या हातून जायचा ते तुम्हीच सांगायचं. फोनची बिलं वाटेतल्या संस्था भरत. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या ‘डेकव्हॅक्स’ नावाच्या संगणकाने तर लांब पल्ल्याचे कितीतरी फोन स्वतःच्या खर्चाने लावले.

हा खर्च नवख्याच्या मनावर ठसावा अशी सोयही केलेली होती. पुढे ‘पर्ल’ भाषेचे कर्ते म्हणून नावाजले गेलेले लॅरी वॉल यांनी युजनेट वाचण्यासाठी ‘आरएन’ हा प्रोग्रॅम लिहिला होता. त्यातून लेख पाठवू गेलं की आधी इशारा येई: हा मजकूर साऱ्या सुसंस्कृत जगातल्या हजारो संगणकांवर जाणार आहे, त्यापायी शेकडो, कदाचित हजारो डॉलर खर्च होणार आहेत, तेव्हा आपण काय करतोय हे आपल्याला ठाऊक असू द्या. मग विचारलं जाई, नक्की पाठवायचंय? आणि समोर हो-नाहीची दोन अक्षरं. माझी फाइल उघडत नाही, एवढं विचारायला आलेल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा हात त्या कळीवर किती वेळ अडखळला असेल!

या इशाऱ्याला न जुमानता लोक विचारत राहिले, हे आपलं भाग्य. पण एकच प्रश्न वर्षभरात पन्नास जणांनी विचारला की पन्नासाव्या वेळी उत्तर देणाऱ्याचा जीव विटतो, हेही खरं. हे सारे लोक आपापली नोकरी किंवा अभ्यास सांभाळून, एक पैसा न घेता उत्तरं देत होते. त्यातून एक फार मोठी गोष्ट निघाली. १९८०च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात नासाच्या अवकाशविषयक चर्चेत युजीन मिया यांनी नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं एकत्र करून ठराविक दिवसांनी पुन्हा पुन्हा टाकायला सुरुवात केली. आज सरकारी कचेरीपासून बँकेपर्यंत प्रत्येकाच्या संकेतस्थळावर दिसणारी ‘एफएक्यू’ ती हीच.

यातली एक एफएक्यू जवळून पाहू. ‘सी’ या प्रोग्रॅमिंग भाषेच्या गटात ‘नल पॉइंटर’वरून अखंड वाद चालत. पॉइंटर म्हणजे संगणकाच्या स्मृतीतल्या जागेचा पत्ता ठेवणारा चल. कुठल्याच जागेकडे न दाखवणारा, तो नल पॉइंटर. तो शून्य लिहून दाखवतात. मग नवख्याला प्रश्न पडतो की यंत्रातही त्याच्या जागी खरोखर शून्यच साठवलेला असतो का. उत्तर असं की असलाच पाहिजे असं नाही. प्रोग्रॅममध्ये शून्य लिहिलं तरी यंत्राला सोयीचं असेल ते मूल्य कंपायलर तिथे ठेवतो. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. तो पुन्हा विचारतो, दुसरा कुणी अर्धवट उत्तर देतो, तिसरा त्याला खोडून काढतो. १९९०मध्ये स्टीव्ह समिट यांनी ‘सी’ची एफएक्यू टाकायला सुरुवात केली आणि नल पॉइंटरला त्यात स्वतंत्र प्रकरण दिलं. ते कुठेही ‘एवढंही कळत नाही?’ असं म्हणत नाहीत. गोंधळ कुठून सुरू होतो ते शोधतात, नवखा दुसऱ्यांदा अडेल ती जागा आधीच ओळखतात आणि तिथेही उत्तर ठेवतात. १९९५मध्ये तिचं पुस्तक झालं. ‘सी’ शिकवणाऱ्या किती प्राध्यापकांनी आपली अडचण त्यात सोडवली असेल! मला राहून राहून वाटतं ते असं, की जाणत्या माणसाला आपण होऊन ही पुस्तिका सुचली नसती. कुठे अडतं हे त्याला दिसतच नाही, कारण तो तिथून केव्हाच पुढे गेलेला असतो. त्या अडलेल्या जागा दाखवल्या त्या वेड्यावाकड्या इंग्रजीत, चुकीच्या गटात, चुकीच्या शीर्षकाखाली विचारणाऱ्यांनी.

अशा एफएक्यू इतक्या झाल्या की त्यांच्यासाठी ‘न्यूज.आन्सर्स’ नावाचा गट निघाला आणि एमआयटीतल्या एका संगणकावर त्यांचा साठा झाला. त्या संगणकाचं नाव होतं ‘आरटीएफएम’. मॅन्युअल वाच, असं सांगणाऱ्या आणि मधे एक शिवी घालणाऱ्या इंग्रजी वाक्याची ही आद्याक्षरं. अनेक गटांत नवख्याला मिळणारं पहिलं उत्तर हेच असे. ज्ञानाचा एवढा साठा आणि त्याच्या दारावर ही पाटी.

नवख्यांना रुळवण्याचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. ‘न्यूज.अनाउन्स.न्यूयूजर्स’ या गटात नव्यांसाठी सूचना नेमाने टाकल्या जात आणि जीन स्पॅफर्ड यांनी वर्षानुवर्षं ते काम सांभाळलं. चक व्हॉन रॉस्पॅक यांनी लिहिलेली युजनेटच्या लोकांशी कसं वागावं याची प्रस्तावना त्यात असे. समोर माणूस आहे हे विसरू नका, हा तिचा गाभा. ‘न्यूज.न्यूयूजर्स.क्वेश्चन्स’ हा तर खास नवख्यांच्या प्रश्नांसाठीच होता आणि तिथे काही स्वयंसेवक न कंटाळता उत्तरं देत असत. ऑक्टोबर १९९५मध्ये इंटेलच्या सॅली हॅम्ब्रिज यांनी नेटवरच्या शिष्टाचाराची मार्गदर्शिका अधिकृत दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध केली. तिचा क्रमांक १८५५. त्यात सल्ला आहे की कुठल्याही गटात लिहिण्यापूर्वी एक ते दोन महिने नुसतं वाचा. गप्पांच्या गटासाठी हा सल्ला उत्तम आहे. पण ज्याची डिस्क आज बसली आहे, ज्याचा प्रबंध उद्या द्यायचा आहे, त्याने दोन महिने कशाची वाट बघायची? अडलेला माणूस अडलेल्या दिवशीच येणार.

दर सप्टेंबरला अमेरिकन विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, त्यांना खाती मिळत आणि गटांत प्रश्नांचा पूर येई. चार-सहा आठवड्यांत ते सरावत आणि पुढच्या वर्षीच्या नवख्यांना तेच उत्तरं देत. मग व्यापारी सेवा आल्या. मार्च १९९४मध्ये अमेरिका ऑनलाइनने आपल्या ग्राहकांना युजनेट खुलं केलं. पूर ओसरेनासा झाला. त्याच वर्षाच्या जानेवारीत डेव्ह फिशर नावाच्या एका सदस्याने लिहून ठेवलं होतं की १९९३चा सप्टेंबर हा कधीच न संपलेला सप्टेंबर म्हणून ओळखला जाईल. जुन्यांच्या मनात तो शब्दप्रयोग घर करून बसला, आणि त्यात सारा दोष आलेल्यांवर गेला.

मला तो दोष त्यांच्यावर टाकणं अन्यायाचं वाटतं. आधीचे सप्टेंबर निभावले, कारण नवे थोडे आणि जुने पुष्कळ होते. शिकवणारे हात शिकणाऱ्यांना पुरत होते. हे प्रमाण उलटलं, ते नवख्यांनी उलटवलं नाही. सेवा विकणाऱ्या कंपन्यांनी लाखोंच्या संख्येने लोक आत सोडले आणि त्यांना इथले रिवाज कोण समजावणार याचा विचार कुणीच केला नाही. शिवाय युजनेटचा खरा गळा घोटला तो जाहिरातींनी. १२ एप्रिल १९९४ला अ‍ॅरिझोनातल्या कॅन्टर आणि सीगल या वकील दांपत्याने ग्रीन कार्डच्या लॉटरीची जाहिरात पाच हजारांहून अधिक गटांत एकाच वेळी टाकली. फुलझाडांच्या गटात ग्रीन कार्ड, बुद्धिबळाच्या गटात ग्रीन कार्ड. त्यांनी काही विचारलं नव्हतं, ते विकायला आले होते. विचारणारा आणि विकणारा यांना एकाच मापाने मोजण्याची चूक त्या रागाच्या भरात झाली.

विचारायचं कसं, यावर त्या जगात जे लिहिलं गेलं त्यातले दोन निबंध शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत. १९९९मध्ये सायमन टॅथम यांनी बिघाडाची तक्रार परिणामकारक रीतीने कशी करावी, यावर लिहिलं. ‘पुटी’ हा प्रोग्रॅम ज्यांनी वापरलाय त्यांना हे नाव माहीत असेल. २००१मध्ये एरिक रेमंड यांनी प्रश्न हुशारीने कसे विचारावेत, यावर लिहिलं. रेमंड यांचा निबंध जास्त गाजला. आधी शोधा, आधी वाचा, काय करून पाहिलं ते सांगा, नेमकं विचारा, हे त्यातले सल्ले खरे आहेत. उत्तर देणाऱ्यांनी सौम्य राहावं असा भागही त्यात शेवटाकडे आहे. पण निबंधाचा रोख असा की जाणत्यांचा वेळ मोलाचा, तो मिळवायला तुम्ही लायक ठरा. टॅथम यांचा रोख वेगळा. ते म्हणतात, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला बिघाड स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा असतो. तुम्ही काय केलंत, पडद्यावर काय दिसलं, काय दिसायला हवं होतं, हे त्याला सांगा, आणि तुमचे तर्क बाजूला ठेवा. काय सांगणं गरजेचं आहे हे नवख्याला माहीत नसतं, आणि तो त्याचा गुन्हा नाही, असं धरून ते समजावत जातात. दोन्ही वाचून शिकता येतं. विचारायची हिंमत मात्र टॅथम वाचून येते.

त्या वर्तुळात वारंवार सांगितलं जाणारं एक उदाहरण इथे द्यायला हवं. एकजण विचारतो, फाइलच्या नावातली शेवटची तीन अक्षरं कशी काढायची? पाच जण पाच रीती सांगतात. सहावा विचारतो, कशासाठी हवी आहेत? तेव्हा कळतं की त्याला फाइल कुठल्या प्रकारची आहे ते ओळखायचंय. मग तीन अक्षरांचा काय उपयोग? ‘सी’च्या फाइलला टिंबापुढे एकच अक्षर असतं, वेबच्या पानाला कधी चार असतात. पहिल्या पाचांची उत्तरं बरोबर होती आणि सगळी निरुपयोगी होती. सहाव्याने त्या माणसाला ऐकून घेतलं. मदत करण्याचं कौशल्य ते हेच, आणि ते मॅन्युअल वाचून येत नाही.

जे हिडीसफिडीस झाल्यावर निघून गेले, त्यांची नोंद कुठेच नाही. जतन झालेल्या साठ्यात अपमान दिसतो, त्यापुढे त्या नावाने पुन्हा काही लिहिलेलं दिसत नाही. त्यात बायका किती होत्या, इंग्रजी ज्यांची मातृभाषा नव्हती असे किती होते, हे आता कुणी सांगू शकणार नाही. १९९८मध्ये डेब रिचर्डसन यांनी लिनक्स वापरणाऱ्या स्त्रियांसाठी ‘लिनक्सचिक्स’ हा गट काढला, तेव्हा दोनच नियम ठेवले: सभ्यपणे वागा, मदत करा. एवढी साधी गोष्ट नियम म्हणून लिहावी लागली, यावरून बाकीच्या गटांतलं हवामान समजतं. पायथन भाषेच्या मंडळींनीही नवख्यांसाठी ‘ट्यूटर’ ही वेगळी मेलिंग लिस्ट ठेवली. पायथन आज शाळांमधून शिकवली जाते, त्यामागे तिचं सोपेपण आहेच. पण नवख्याला दारातच बसायला जागा देण्याची ही वृत्तीही आहे, असं मी मानतो.

आपल्याकडे हे जग उशिरा आणि थोड्या घरांत आलं. १९८६मध्ये सुरू झालेल्या ‘अर्नेट’ प्रकल्पात मुंबईचं राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, आयआयटी, बंगळुरूची विज्ञान संस्था अशा मोजक्या संस्था होत्या. त्यांच्या आवाराबाहेरच्यांसाठी हौशी बुलेटिन बोर्ड होते. कुणीतरी आपल्या घरच्या संगणकाला मोडेम आणि फोन जोडून ठेवायचं, बाकीच्यांनी एकेक करून त्यावर फोन करायचा. फोनची लाइन एकच असेल तर एका वेळी एकच माणूस आत. बोर्ड चालवणारा जागा असेल तर तो तुमच्या पडद्यावर मधेच टाइप करून तुमच्याशी बोलू शकायचा, आणि अडलेल्या माणसाला याहून जवळची मदत कुठली? १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं. विद्यार्थ्यांच्या हाती आलं ते बहुतेक शेल खातं, म्हणजे काळा पडदा आणि नुसती अक्षरं. पण युजनेट नुसत्या अक्षरांचंच असल्यामुळे काही अडत नव्हतं.

१९९६मध्ये ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने अंकाबरोबर लिनक्सची सीडी दिली. बंगळुरूच्या अतुल चिटणीस यांचा त्या उपक्रमात पुढाकार होता. गावोगावी मासिकाबरोबर लिनक्स पोचलं आणि प्रश्नही सुरू झाले. त्यातला सर्वांत छळणारा प्रश्न मोडेमचा. त्या काळच्या बऱ्याच स्वस्त मोडेमचं अर्धं काम विंडोजमधलं सॉफ्टवेअर करत असे, त्यामुळे लिनक्समध्ये ते निर्जीव. आता मदत मागायची तर इंटरनेट हवं, इंटरनेटला मोडेम हवा, आणि मोडेम चालत नाही हाच तर प्रश्न. मग संगणक बंद करून विंडोज चालू करायचं, फोन लावायचा, प्रश्न पाठवायचा. दुसऱ्या दिवशी उत्तर कागदावर उतरवून घ्यायचं, पुन्हा लिनक्समध्ये जायचं, एक ओळ बदलून बघायची. नाही चाललं तर पुन्हा तीच वारी. मुंबई-पुण्याच्या लिनक्स गटांतले जुने लोक एकमेकांना ओळखतात ते या चिवटपणामुळे. या गटांनी पुढे प्रत्यक्ष भेटी भरवल्या, तिथे लोक आपापला सीपीयू उचलून घेऊन येत आणि कुणीतरी शेजारी बसून सगळं चालू करून देई.

परदेशातल्या भारतीयांच्या गटांत वेगळ्या प्रकारचे प्रश्न असत. ‘रेक.म्युझिक.इंडियन.मिस्क’ या गटात कुणी विचारायचं, लहानपणी रेडिओवर ऐकलेल्या अमुक गाण्याचे पूर्ण शब्द कुणाला आठवतात का? कुणीतरी आठवून, कॅसेट पुन्हा पुन्हा मागे नेऊन, ते टाइप करायचं. देवनागरी तर पडद्यावर नव्हती. अविनाश चोपडे यांनी १९९१च्या सुमारास केलेली ‘आयट्रान्स’ ही पद्धत तिथे कामाला आली: रोमन अक्षरांत ठराविक रीतीने लिहायचं, प्रोग्रॅम त्याची सुबक देवनागरी छापून देतो. अनोळखी लोकांच्या विचारण्यांतून गाण्यांचा एक मोठा संग्रह उभा राहिला.

१९९६च्या गणेशचतुर्थीला ‘मायबोली’ हे मराठी संकेतस्थळ सुरू झालं, १ मे २००३ला मराठी विकिपीडिया आला, ‘मनोगत’ही आलं. इथे नवख्यांचा पहिला प्रश्न असे तो लिहायचं कसं, हाच. ‘तऱ्हा’मधला तो अर्धा र कसा उमटवायचा? ‘ॲ’ कुठे आहे? माझ्या पडद्यावर चौकोन का दिसतायत? मराठी विकिपीडियावर चावडी आणि मदतकेंद्र अशी पानं आहेत, तिथे जुने सदस्य या शंकांना नावानिशी, आदराने उत्तरं देताना दिसतात. आज आपण सगळे फोनवर सहज देवनागरी लिहितो. त्याआधी कितीतरी जणांनी आपलं अज्ञान उघडं करून चारचौघांत विचारलेलं आहे.

मी हे सारं सांगू शकलो, कारण कुणीतरी ते ठेवलं. टोरोंटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातले हेन्री स्पेन्सर १९८१पासून दहा वर्षं युजनेटवर येणारा मजकूर चुंबकीय फितींवर साठवत राहिले. त्या १४१ फिती झाल्या आणि त्यांत वीस लाखांवर लेख होते. हेच स्पेन्सर ‘सी’च्या गटात नवख्यांना उत्तरंही देत. ‘सी’ लिहिणाऱ्यांसाठी त्यांनी केलेल्या दहा आज्ञा प्रसिद्ध आहेत, आणि त्यातली एक नल पॉइंटरवरच आहे. त्या फितींवरचा मजकूर २००१मध्ये गूगलकडे गेला आणि लोकांना वाचायला मिळाला. त्याच गूगलने २२ फेब्रुवारी २०२४पासून युजनेटचा नवा मजकूर घेणं थांबवलं.

आता प्रश्न यंत्राला विचारले जातात. ते रागावत नाही, मॅन्युअल वाच म्हणत नाही, रात्री दोनलाही उत्तर देतं, आणि लाजऱ्या माणसाला हा मोठाच दिलासा आहे. त्याचं शिक्षणही माणसांनी आंतरजालावर लिहून ठेवलेल्या मजकुरावर झालं आहे. फरक इतकाच की यंत्राला विचारलेला प्रश्न दोघांतच राहतो. त्याच जागी अडलेल्या पुढच्या माणसाला तो कधी दिसत नाही, आणि त्यातून कुणी समिट नवं प्रकरण लिहायला बसत नाही. म्हणून जिथे जमेल तिथे, चारजण वाचतील अशा जागी विचारत राहा. कुणी विचारलं तर फाइलच्या उदाहरणातल्या त्या सहाव्यासारखं आधी ‘कशासाठी?’ असं विचारा.

आणि एक विनंती. १९९०च्या दशकात मुंबई, पुणे, नागपूर, पणजी किंवा परदेशात ज्यांनी बुलेटिन बोर्ड चालवले, शेल खात्यावरून गटांत लिहिलं, लिनक्सच्या किंवा मराठी फॉन्टच्या अडचणी सोडवल्या, त्यांच्याकडे अजून फ्लॉपी असतील, छापून ठेवलेले कागद असतील, जुन्या टपालपेट्यांच्या फाइली असतील. आपल्याकडच्या त्या वर्षांचा स्पेन्सर कुणी एक नव्हता. दिवाळीच्या आवराआवरीत ते रद्दीत घालू नका. फ्लॉपीवरचा मजकूर वर्षागणिक नासत जातो, तेव्हा तो यंदाच उतरवून घ्या, लोकांची खासगी माहिती काढून टाका आणि इंटरनेट आर्काइव्हसारख्या खुल्या संग्रहात ठेवा. ठेवताना फक्त उत्तरं निवडू नका, प्रश्नही जसेच्या तसे ठेवा, चुकीच्या शब्दांत विचारलेले असले तरी.